उलट्या मजकुराचे विषाणू: रेबीज, गोवर, निपाह, इबोला आणि फ्लू यांचा एकच वंश

कधी निपाहचा रुग्ण सापडतो, कधी चांदिपुराने मुले दगावतात, कधी इबोलाचा उद्रेक होतो, कधी बर्ड फ्लू गायींपर्यंत पोहोचतो. अशा प्रत्येक बातमीत एक वाक्य ठरलेले असते: ‘हा आरएनए विषाणू आहे.’ वाक्य खरे आहे, पण त्यातून फारसे काही कळत नाही. डेंग्यू, पोलिओ आणि कोरोना हेही आरएनए विषाणूच आहेत, तरीही ते वरच्या चौघांपेक्षा वेगळ्या जातकुळीचे आहेत. फरक आहे तो आरएनएवरचा मजकूर सुलट आहे की उलट, यात. एवढ्याशा गोष्टीवरून विषाणूची बांधणी, त्याच्या जनुकांचा क्रम आणि त्याच्यावर कोणते औषध चालेल हे बरेचसे ठरून जाते.

सुलट पट्टी, उलट पट्टी

पेशीत प्रथिने जोडण्याचे काम रायबोसोम करतात. त्यासाठी त्यांना एमआरएनए नावाची पट्टी लागते. तिच्यावर चारच अक्षरे असतात: ए, यू, जी आणि सी. रायबोसोम एका ठरावीक टोकाकडून निघतो, ए-यू-जी हा त्रिक दिसला की प्रथिन जोडायला लागतो आणि पुढे तीन-तीन अक्षरे वाचत जातो.

डेंग्यू किंवा पोलिओचा जीनोम, म्हणजे विषाणूचा संपूर्ण जनुकीय मजकूर, अशाच सुलट पट्टीचा असतो. पेशीत शिरला की रायबोसोम तो थेट वाचतो. याला पॉझिटिव्ह-सेन्स म्हणतात. रेबीज, गोवर, निपाह, इबोला, फ्लू यांचा जीनोम मात्र या पट्टीचा पूरक जोडीदार असतो: तिथे ए असेल तर इथे यू, तिथे जी असेल तर इथे सी, आणि वाचायची दिशाही उलटी. ए-यू-जीच्या समोर इथे यू-ए-सी येते. रायबोसोमला त्यात काम सुरू करण्याची खूण सापडत नाही. हे निगेटिव्ह-सेन्स विषाणू. (चाचणी ‘निगेटिव्ह’ येण्याशी किंवा विद्युतभाराशी याचा काही संबंध नाही.)

रबरी शिक्का डोळ्यांसमोर आणा. शिक्क्यावरची अक्षरे उलटी असतात. मजकूर वाचायचा तर आधी कागदावर ठसा उमटवावा लागतो. जीनोम हा शिक्का आणि एमआरएनए हा ठसा. तुलना एका ठिकाणी मात्र तोकडी पडते. ठशावरून नवा शिक्का तयार होत नाही, विषाणूला तेही करावे लागते. म्हणून तो दोन प्रकारच्या सुलट प्रती काढतो. एक, जनुकागणिक छोटे एमआरएनए, ज्यांच्यापासून प्रथिने बनतात. दुसरी, संपूर्ण जीनोमच्या लांबीची सुलट प्रत, जिला अँटिजीनोम म्हणतात. या दुसरीवरून पुन्हा उलट जीनोम छापले जातात आणि तेच नव्या विषाणूंत भरले जातात.

डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७१ मध्ये सगळ्या विषाणूंची एमआरएनए कसा तयार होतो यावरून वर्गवारी मांडली. त्यात निगेटिव्ह-सेन्स विषाणूंचा गट पाचवा.

ठसा उमटवणारे यंत्र सोबतच आणावे लागते

पेशी डीएनएवरून आरएनए बनवते. विषाणूच्या आरएनएवरून आरएनए छापायला उपयोगी पडेल असे विकर (एन्झाइम) तिच्याकडे नसते. सुलट पट्टीच्या विषाणूला याची अडचण नाही, कारण पेशीत शिरल्यावर तो ते विकर रायबोसोमकडून बनवून घेतो. उलट पट्टीच्या विषाणूची मात्र कोंडी होते. विकर बनवायला एमआरएनए हवा आणि एमआरएनए बनवायला विकर हवे. म्हणून तयार विकर, म्हणजे आरएनए पॉलिमरेज, विषाणूच्या कणातच भरलेले असते. १९७० मध्ये बाल्टिमोर, अ‍ॅलिस हुआंग आणि मार्था स्टॅम्पफर यांनी ते व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणूच्या (पुढे व्हीएसव्ही) कणांत दाखवून दिले. गुरे-घोड्यांच्या तोंडाला फोड आणणारा हा विषाणू रेबीजचा नातलग, आणि प्रयोगशाळेत या कुळातला सर्वांत जास्त अभ्यासलेला.

याचा थेट परिणाम असा. पोलिओचा निव्वळ, शुद्ध केलेला आरएनए पेशीत सोडला तर नवे विषाणू तयार होतात. रेबीज किंवा गोवराचा तसा निव्वळ आरएनए सोडला तर काहीही घडत नाही.

पॉलिमरेजलाही उघडा आरएनए चालत नाही. जीनोम पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत न्यूक्लिओप्रोटीन या प्रथिनात बसवलेला असतो आणि छपाई तशा गुंडाळलेल्या पट्टीवरूनच होते. रेबीज आणि व्हीएसव्हीमध्ये न्यूक्लिओप्रोटीनचा एक रेणू ९ अक्षरे झाकतो, गोवराच्या कुळात ६, फ्लूमध्ये सुमारे २४. व्हीएसव्हीच्या ११,१६१ अक्षरांवर असे सुमारे १,२०० रेणू बसतात. त्याच कणात पॉलिमरेजचे रेणू मात्र साधारण ५०.

हे आवरण छपाईपुरते निघते आणि लगेच पुन्हा बसते. नवा जीनोम तयार होत असतानाच त्याच्यावर न्यूक्लिओप्रोटीन चढत जाते. त्यामुळे पेशीतली आरएनए तोडणारी विकरे आणि धोक्याची सूचना देणारी प्रथिने यांना तो सहज हाताला लागत नाही. दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे: पॉलिमरेजला अर्ध्यातून एक पट्टी सोडून दुसरी धरणे अवघड जाते. म्हणून कोरोना किंवा पोलिओत वरचेवर दिसणारी दोन जीनोमची सरमिसळ सलग पट्टीच्या उलट विषाणूंत फार विरळ आढळते.

सलग पट्टीची कुळे

ज्यांचा सगळा मजकूर बहुतेक एकाच पट्टीवर असतो, त्यांचा गण मोनोनेगाविरालीस. माणसाच्या दृष्टीने त्यातली पाच कुळे ओळखीची असावीत. ऱ्हॅब्डोव्हिरिडीत रेबीज, व्हीएसव्ही आणि १९६५ मध्ये नागपूरजवळच्या गावात सापडलेला, त्या गावाचेच नाव मिळालेला चांदिपुरा. पॅरामिक्सोव्हिरिडीत गोवर, गालगुंड, निपाह, हेंड्रा. न्यूमोव्हिरिडीत तान्ह्या मुलांच्या फुफ्फुसांना त्रास देणारा आरएसव्ही. फिलोव्हिरिडीत इबोला आणि मारबर्ग. बोर्नाव्हिरिडीत घोडे, मेंढ्या, पोपट आणि क्वचित माणूस यांच्या मज्जासंस्थेवर हल्ला करणारे बोर्ना विषाणू. लांबी बोर्नाच्या सुमारे ८,९०० अक्षरांपासून इबोलाच्या सुमारे १९,००० पर्यंत.

रेबीजची पट्टी सुमारे १२,००० अक्षरांची आणि तिच्यावर जनुके फक्त पाच: एन, पी, एम, जी, एल. एन म्हणजे न्यूक्लिओप्रोटीन, पी पॉलिमरेजचा साथीदार, एम कणाला आकार देणारे, जी बाहेरचा काटा आणि एल म्हणजे खुद्द पॉलिमरेज. कुळ बदलले तरी आवरणाचे जनुक सुरुवातीकडे आणि पॉलिमरेजचे अगदी शेवटी, हा क्रम जवळजवळ कायम राहतो.

कारण असे. पॉलिमरेजला पट्टीवर चढायला एकच जागा असते: तीन-प्राइम नावाचे टोक. तिथून ते एन जनुकाची प्रत काढते, सीमेवर थांबते, थोडी अक्षरे ओलांडते आणि पुढचे जनुक धरते. पण प्रत्येक सीमेवर काही पॉलिमरेज गळून पडतात, आणि गळलेल्याला पुन्हा पहिल्या टोकापासूनच यावे लागते. व्हीएसव्हीत प्रत्येक सीमेवर उत्पादन सुमारे ३० टक्क्यांनी घटते. साहजिकच एनचे एमआरएनए सर्वांत जास्त आणि एलचे सर्वांत कमी निघतात. विषाणूची गरजही नेमकी तशीच आहे: आवरणाचे रेणू हजारांनी हवेत, पॉलिमरेजचे मोजके. वेगळा नियामक नाही, खटका नाही, जागेवरूनच प्रमाण ठरते. माझ्या मते या विषाणूंची सर्वांत देखणी बाब हीच. व्हीएसव्हीत एन जनुक मुद्दाम मागे सरकवून पाहिले, तेव्हा ते जितके मागे गेले तितका विषाणू मंदावला. दुबळा विषाणू लशीसाठी हवा असतो, म्हणून ही युक्ती केवळ गंमत राहत नाही.

गोवराच्या उपकुळात आणखी एक अट आहे. न्यूक्लिओप्रोटीनचा एक रेणू ६ अक्षरे झाकतो, त्यामुळे जीनोमची एकूण लांबी ६ ने भागली गेली पाहिजे. गोवराची १५,८९४ अक्षरे म्हणजे ६ गुणिले २,६४९. मलेशियातल्या निपाहची १८,२४६, बांगलादेशातल्या निपाहची १८,२५२. दोन्ही ६ ने भागून पाहा. प्रयोगशाळेत या पट्टीत नवे जनुक घालताना एखादे अक्षर कमी-जास्त झाले तर विषाणूची नक्कल नीट होत नाही. नवख्यांचे महिने यात वाया जातात.

जागा कमी म्हणून एकाच जनुकातून दोन-तीन प्रथिने काढण्याची सोयही आहे. इबोलाच्या काट्याच्या जनुकात एके ठिकाणी सात सारखी अक्षरे ओळीने येतात. तिथे पॉलिमरेज कधीमधी अडखळते आणि एक जास्तीचे ए टाकते. ते पडले तर पूर्ण काटा तयार होतो. बहुतेक वेळा ते पडत नाही, आणि पेशीबाहेर सोडले जाणारे तोकडे प्रथिन बनते.

तुकड्यातुकड्यांची कुळे

दुसऱ्या शाखेत जीनोम अनेक पट्ट्यांत विभागलेला असतो. अरेनाव्हिरिडीत, म्हणजे लासा तापाच्या कुळात, सहसा २ पट्ट्या. हंताव्हिरिडी, क्रायमियन-काँगो तापाचे नैरोव्हिरिडी आणि पेरिब्युन्याव्हिरिडी यांत ३. ऑर्थोमिक्सोव्हिरिडीत फ्लू ए आणि बी यांच्या ८, सी आणि डी यांच्या ७. तिलापिया माशांना मारणाऱ्या विषाणूच्या १०.

इथे गळतीचा प्रश्न बराच सुटतो, कारण पॉलिमरेज प्रत्येक पट्टीवर वेगळे चढते. पण नवा प्रश्न येतो: नव्या कणात प्रत्येक पट्टीची एक प्रत पोहोचलीच पाहिजे. फ्लूमध्ये पट्ट्यांच्या टोकांकडच्या खुणा एकमेकींना ओळखतात, त्यामुळे आठ वेगवेगळ्या पट्ट्यांचा संच जमतो. तरीही एखादी पट्टी न पोहोचलेले अर्धवट कण मोठ्या संख्येने निघतात.

या रचनेचा जगाला जाणवणारा परिणाम म्हणजे अदलाबदल. एकाच पेशीत फ्लू एचे दोन वेगळे प्रकार शिरले, तर आठ पट्ट्यांच्या २५६ जोडण्या शक्य होतात, मूळ दोन धरून. १९५७ च्या साथीचा विषाणू असाच बनला, त्यात पक्ष्यांच्या विषाणूतून ३ पट्ट्या आल्या होत्या. १९६८ मध्ये २ आल्या. २००९ चा विषाणू डुकरांतल्या दोन वेगळ्या वंशांच्या अदलाबदलीतून निघाला. २५६ हा आकडा कागदावरचा आहे. पट्ट्यांच्या खुणा जुळल्या नाहीत किंवा पॉलिमरेजचे भाग एकमेकांशी नीट बसले नाहीत, तर बऱ्याच जोडण्या जगतच नाहीत. फ्लू ए आणि फ्लू बी यांच्यात तर अदलाबदल होत नाही.

काही कुळांत एकच पट्टी दोन्ही बाजूंनी लिहिलेली असते. लासाच्या पट्टीवर अर्धा मजकूर उलट, अर्धा सुलट. सुलट भाग थेट वाचला जाईल असे वाटेल, पण तसे होत नाही. त्याचाही एमआरएनए अँटिजीनोमवरून काढावा लागतो. म्हणून ही कुळेही निगेटिव्ह-सेन्समध्येच मोडतात.

कोण कोणाला धरतो?

या सगळ्या उलट विषाणूंचे यजमान, म्हणजे ज्यांच्या शरीरात ते वाढतात ते जीव, माणसापुरते नाहीत, सस्तन प्राण्यांपुरतेही नाहीत. व्हीएचएस आणि आयएचएन हे माशांचे विषाणू रेबीजच्या कुळातले. मायमोनाव्हिरिडी बुरशीत सापडतात. टोस्पोव्हिरिडी आणि फिमोव्हिरिडी वनस्पतींवर जगतात. २०१५ मध्ये ७० जातींच्या कीटक, कोळी, गोचिडी अशा संधिपादांची तपासणी झाली, तेव्हा त्यांत ११२ नवे निगेटिव्ह-सेन्स विषाणू मिळाले. आपल्याला माहीत असलेल्या अनेक कुळांचे नातलग तिथे निघाले, म्हणून या वंशाच्या इतिहासात संधिपादांना मोठे स्थान दिले जाते.

टोमॅटो स्पॉटेड विल्ट विषाणू शेकडो जातींच्या वनस्पतींना होतो आणि फुलकिड्यांमार्फत पसरतो. त्याचा तपशील मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. विषाणू घ्यायचा तो फुलकिड्याच्या पिल्लाने, तेही लहान अवस्थेत. पसरवतो मुख्यतः प्रौढ. दरम्यान विषाणू किड्याच्या शरीरात वाढतो. प्रौढ किडा रोगट झाडावर पहिल्यांदाच बसला तर तो पुढे रोग नेत नाही. उलट, बाहेरून उडत आलेला बाधित प्रौढ फवारणीने मरण्याआधीच झाडाला टोचून मोकळा होतो. म्हणून निव्वळ फवारणीने हा रोग आवरत नाही, पिल्ले वाढतात ती रोगट झाडे आणि तण काढावे लागतात.

प्राण्यांमध्ये यजमान ठरवणारी दारे दोन. पहिले पेशीत शिरण्याचे. निपाह इफ्रिन-बी२ आणि बी३ ही प्रथिने पकडून शिरतो. ती सस्तन प्राण्यांत फारशी बदललेली नाहीत, म्हणून फळे खाणारी वटवाघळे, डुकरे, घोडे, कुत्री, मांजरे आणि माणूस एवढ्या सगळ्यांना तो होऊ शकतो.

दुसरे दार पॉलिमरेजचे. विकर विषाणूचे असले तरी पेशीतल्या प्रथिनांची मदत लागतेच. फ्लूच्या पॉलिमरेजला एएनपी३२ए हे प्रथिन लागते. पक्ष्यांमधल्या बहुतेक जातींत त्याला ३३ अमिनो आम्लांची जोड असते, सस्तन प्राण्यांत ती नसते. म्हणून पक्ष्यांच्या फ्लूचे पॉलिमरेज आपल्या पेशीत अडखळते. पीबी२ या भागातल्या ६२७ व्या जागी एक अमिनो आम्ल बदलले तर अडखळणे कमी होते. बर्ड फ्लूच्या नमुन्यांत शास्त्रज्ञ आधी ही जागा पाहतात ते यासाठी.

हंता आणि अरेना विषाणू बहुतेक उंदरांच्या जातींत मुक्काम करतात आणि त्यांच्या मलमूत्राच्या धुळीतून माणसापर्यंत येतात. क्रायमियन-काँगो ताप गोचिडीतून आणि बाधित जनावराच्या रक्तातून येतो. चांदिपुरा वाळूमाशीतून (सँडफ्लाय).

‘आरएनए विषाणू सतत बदलतात, मग गोवराची लस इतकी वर्षे कशी चालते?’

रास्त शंका. या पॉलिमरेजना झालेली चूक तपासून दुरुस्त करण्याची सोय नसते. चुका गोवरातही होतात आणि फ्लूमध्येही. पण चूक होणे आणि ती टिकणे यांत अंतर आहे. फ्लूच्या हेमाग्लुटिनिन या काट्याचा माथा बरेच बदल सोसतो आणि तरी काम करतो. प्रतिपिंडे नेमकी तिथेच चिकटतात, त्यामुळे बदललेला विषाणू निसटतो. शिवाय पट्ट्यांच्या अदलाबदलीत अख्खा काटाच बदलू शकतो. गोवराची पृष्ठभागावरची प्रथिने बदल फारसे सोसत नाहीत, आणि प्रतिपिंडे जिथे बसतात त्यातला मोठा भाग पेशी पकडण्यासाठीच लागतो. तिथे बदल झाला तर विषाणूलाच पेशीत शिरता येत नाही. पट्टी सलग असल्यामुळे अदलाबदलही नाही. १९५४ मध्ये मिळालेल्या एडमन्स्टन वाणापासून काढलेल्या लशी म्हणूनच आजही उपयोगी आहेत. गुरांचा बुळकांड्या हा गोवराचा सख्खा भाऊ. तो लशीच्या जोरावर २०११ मध्ये जगातून संपल्याचे जाहीर झाले.

‘निव्वळ आरएनए निकामी, तर अभ्यासक या विषाणूत बदल कसे करतात?’

बरीच वर्षे करताच येत नव्हते. पोलिओच्या बाबतीत डीएनएवरून विषाणू १९८१ मध्येच मिळाला होता, निगेटिव्ह-सेन्स सलग पट्टीला मात्र १९९४ उजाडले आणि पहिला मान रेबीजचा. आरएनएच्या सोबतीने आवरण आणि पॉलिमरेजही पेशीत हजर करावे लागले. फ्लू पूर्णपणे डीएनएवरून १९९९ मध्ये मिळाला. याचे सर्वांत ठळक फळ म्हणजे इबोलाची लस: व्हीएसव्हीचे काट्याचे जनुक काढून त्या जागी इबोलाचे बसवले. गिनीमध्ये २०१५ मध्ये तिची चाचणी झाली, २०१९ मध्ये परवाना मिळाला.

औषध कुठे मारा करते?

एमआरएनएच्या सुरुवातीला एक रासायनिक टोपी लागते, नाहीतर रायबोसोम पट्टी नीट धरत नाही. रेबीज, निपाह, इबोला यांचे एल प्रथिन ही टोपी स्वतः बनवते. फ्लू ती चोरतो: पेशीच्या आरएनएची टोपी साधारण १० ते १३ अक्षरांसकट कापतो आणि आपल्या एमआरएनएला जोडतो. असा माल केंद्रकात मिळतो, म्हणून फ्लू केंद्रकात छपाई करतो. या कुळांतले प्राण्यांचे बहुतेक विषाणू ती पेशीद्रवात उरकतात. बालोक्साविर हे औषध ही कात्रीच अडवते. २०१८ मध्ये ते जपान आणि अमेरिकेत मंजूर झाले. निपाह किंवा रेबीजकडे ही कात्री नाही, त्यामुळे त्यांच्यावर ते घेण्यात अर्थ नाही.

माणसाला होणाऱ्या या सगळ्या विषाणूंवर बाहेरून मेदाचे आवरण असते आणि ते साबणाने फुटते. कुत्रा चावल्यावर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवायला सांगतात त्यामागे हेही कारण आहे. धुण्याने लस आणि गरजेप्रमाणे इम्युनोग्लोब्युलिन टळत नाही. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजवर भरवशाचा इलाज नाही.

जीनोमचा मजकूर वाचताना

माहितीकोशात रेबीज किंवा इबोलाचा जीनोम उघडला तर तो बहुधा सुलटच दिसतो, आणि यूच्या जागी टी. सोयीसाठी अँटिजीनोमचा मजकूर नोंदवण्याची ही प्रथा आहे. चाचणीसाठी प्रायमर, म्हणजे नक्कल सुरू करणारा छोटा तुकडा, निवडताना हे विसरले तर गफलत होते. साध्या आरटी-पीसीआरमध्ये दोन्ही बाजूंचे प्रायमर असल्याने ती खपून जाते. पण पेशीत विषाणू खरोखर वाढतो आहे का हे पाहायला फक्त सुलट प्रती मोजायच्या असतील, तर खपत नाही. त्यातच आरएनए स्वतःवर दुमडून प्रायमरशिवायही नक्कल सुरू करून देतो आणि उलट जीनोमच सुलट म्हणून मोजला जातो. उपाय म्हणजे पहिल्या पायरीच्या प्रायमरला विषाणूत नसलेल्या अक्षरांची शेपटी जोडणे आणि दुसऱ्या पायरीत ती शेपटी असलेल्या प्रतीच वाढवणे. सोबत प्रायमर न घातलेली एक नळीही चालवावी लागते. तिच्यात संकेत आला तर आकडे टाकून द्यायचे.

एक अपवाद राहतो. हिपॅटायटिस डीचा जीनोमही उलट अर्थाचा आहे, पण तो गोल, फक्त सुमारे १,७०० अक्षरांचा आणि स्वतःचे पॉलिमरेज नसलेला. डीएनएवर काम करणाऱ्या आपल्याच पेशीच्या पॉलिमरेजला तो आरएनए छापायला लावतो. बाहेरचे आवरणही त्याला हिपॅटायटिस बीकडून घ्यावे लागते, म्हणून बीची लस घेतलेल्याला डी होत नाही. वर्गवारीत त्याला या कुळांबाहेर, कोल्मिओव्हिरिडीत ठेवले आहे.